महिनाभर जगणारं हरिकेन: आयुष्य कशावर ठरतं, नुकसान कशावर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: बहुतेक चक्रीवादळं आठवडाभराच्या आगेमागे संपतात, मग काही हरिकेन (अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकवरची तीव्र चक्रीवादळं) समुद्रावर तीन-चार आठवडे कशी टिकतात? ती फार ताकदवान असतात म्हणून का? आणि जे वादळ किनाऱ्याला लागतच नाही, समुद्रातल्या समुद्रात फिरून संपतं, त्याचा कुणाला काही त्रास होतो का?

आधी ताकदीचं बघू, कारण मोठा गैरसमज तिथेच आहे. ताकद आणि आयुष्य यांचा संबंध फार कमी आहे. १९७१ सालचं जिंजर अटलांटिकवर सव्वासत्तावीस दिवस टिकलं, आणि त्याचे वारे ऐन भरात असतानाही ताशी १७५ किलोमीटरच्या वर गेले नाहीत. वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनच्या पाच श्रेणी ठरवणाऱ्या सॅफिर-सिम्पसन मापावर ती दुसरी श्रेणी होते, म्हणजे मधलंच. उलट अतितीव्र होऊन चार-पाच दिवसांत जमिनीवर आपटून संपलेली वादळं कितीतरी आहेत. जास्त दिवस जगतं ते वादळ ज्याला वाट लांब मिळते आणि ज्याला अशक्त होऊनही मोडून न पडण्याची सोय असते. वाट मिळणं वादळाच्या हातात नसतं. त्याला ढकलणारे वारे त्याच्याभोवतीच्या शेकडो किलोमीटरच्या हवेत असतात.

एकच वादळ धरून त्याचं आयुष्य सांगतो, म्हणजे हे नीट दिसेल. १९९४ चं जॉन घेऊ.

२५ जुलैच्या सुमारास आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ढगांची एक लहर अटलांटिकवर उतरली. अशा लहरी उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांना एक निघत असतात आणि बहुतेकींचं पुढे काही होत नाही. हिचंही अटलांटिकवर काही झालं नाही. ती तशीच मध्य अमेरिका ओलांडून पॅसिफिकवर आली आणि ११ ऑगस्टला मेक्सिकोतल्या अकापुल्कोच्या दक्षिणेला तिचं डिप्रेशन झालं, म्हणजे चक्रीवादळाची पहिली, सर्वांत कमजोर पायरी. त्याच दिवशी नावही मिळालं. नाव मिळेपर्यंत तिला निघून अडीच आठवडे झाले होते, पण ते दिवस वादळाच्या वयात धरत नाहीत. वय मोजायचं ते बंदिस्त फिरतं अभिसरण, म्हणजे केंद्राभोवती पूर्ण फेरा घेणारे वारे, तयार झाल्यापासून.

चक्रीवादळाला लागणाऱ्या गोष्टी बहुतेकांना माहीत असतात: साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम समुद्र, तोही नुसता वरवर नाही तर काही दहा मीटर खोलपर्यंत, दमट हवा, आणि विषुववृत्तापासून थोडं अंतर, कारण अगदी विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्याचा वळण देणारा परिणाम मिळत नाही. इंधन म्हणजे बाष्प. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. ती समुद्रातून घेतलेली असते, आणि वर जाऊन त्या वाफेचे थेंब झाले की तेवढीच उष्णता तिथल्या हवेत सुटते. केंद्रातली हवा तापते, हलकी होते, खाली दाब उतरतो, वारे वाढतात, वारे वाढले की बाष्पीभवन वाढतं. वादळ स्वतःला पोसतं ते असं.

हे सगळं जॉनला मिळत होतं. तरी पुढचे आठ दिवस ते हरिकेनच्या खालच्या पायरीवरचं साधं उष्णकटिबंधीय वादळच राहिलं. अडचण विंड शिअरची होती, म्हणजे समुद्रालगतचे वारे आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वारे यांच्या वेगात किंवा दिशेत असलेला फरक. शिअर जास्त असला की वर सुटलेली उष्णता केंद्राच्या डोक्यावर राहत नाही, बाजूला वाहून जाते. उपग्रहाच्या चित्रात हे ओळखायला फार सोपं असतं. खालच्या ढगांची पातळ भोवरी एका जागी उघडी पडलेली दिसते, आणि गडगडाटी ढगांचा पांढरा गोळा तिच्यापासून शे-दोनशे किलोमीटर दूर, एकाच बाजूला लोटलेला असतो. नवखा माणूस पांढऱ्या गोळ्याचा मध्य केंद्र म्हणून धरतो. केंद्र त्या उघड्या भोवरीत असतं.

अशा अवस्थेत पुष्कळ वादळं संपतात. जॉन संपलं नाही, कारण शिअर त्याचे ढग विस्कटत होता तरी अभिसरण शाबूत होतं आणि खाली पाणी गरम होतं. दर काही तासांनी नवे ढग उभे राहत होते. दीर्घायुषी वादळाची माझ्या मते हीच खरी खूण आहे. त्याच्या तीव्रतेचा आलेख काढला तर एक शिखर आणि एक उतार असं चित्र येत नाही. तीन-चार वेळा खाली येऊन पुन्हा चढलेली रेघ येते.

१९ ऑगस्टला शिअर सैल पडला आणि जॉनचं हरिकेन झालं. मग मात्र त्याने वेळ लावला नाही. चार दिवसांच्या आत वारे ताशी २८० किलोमीटरवर गेले, केंद्रातला दाब ९२९ मिलिबारपर्यंत उतरला, म्हणजे पाचवी श्रेणी. त्या वेळी ते हवाई बेटांच्या दक्षिणेला साडेपाचशे किलोमीटरवरून जात होतं. बेटांना मोठ्या लाटा, सोसाट्याचे वारे आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटावर, बिग आयलंडवर, जोराचा पाऊस मिळाला, काही ठिकाणी किरकोळ पूर आला. उत्तरेला उच्च दाबाचा पट्टा होता, त्यामुळे वादळाला वर वळायला जागाच नव्हती. तो पट्टा थोडा कमजोर असता तर हवाईची गोष्ट वेगळी झाली असती. अंदाज लिहिणाऱ्याचं अर्धं लक्ष म्हणूनच वादळावर असतं आणि अर्धं त्या पट्ट्यावर.

इथे समुद्राचाही एक हिशेब असतो, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. तीव्र वादळ समुद्र घुसळतं. वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी एकत्र होतं, पृष्ठभागाचं तापमान उतरतं. १९९५ मध्ये बर्म्युडाजवळून गेलेल्या फेलिक्सच्या वेळी तिथल्या समुद्रात उभ्या केलेल्या उपकरणांनी साडेतीन-चार अंशांची घट टिपली होती. आता वादळ ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने पुढे जात असेल तर हे गार पाणी त्याच्या मागे पडतं, पुढे ताजं गरम पाणी असतंच. पण वादळ एकाच जागी रेंगाळलं तर ते आपणच गार केलेल्या पाण्यावर उभं राहतं आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं इंधन तोडतं. म्हणून रेंगाळणं आणि दीर्घायुष्य हे सहसा एकत्र येत नाही. जॉन जवळपास सतत चालत राहिलं, हे त्याच्या वयामागचं पहिलं कारण.

चालता चालता वाटेत एक ठिपका आला: जॉन्स्टन ॲटॉल. होनोलुलूच्या नैऋत्येला सुमारे १३०० किलोमीटरवरचं हे प्रवाळबेट. तिथे त्या काळी अमेरिकी लष्कराचा रासायनिक शस्त्रं जाळून नष्ट करण्याचा कारखाना चालू होता. अशा ठिकाणी ‘बघू काय होतं ते’ म्हणून चालत नाही. सुमारे ११०० माणसं विमानांनी होनोलुलूला हलवली. २५-२६ ऑगस्टच्या सुमारास वादळाचा मध्य बेटाच्या उत्तरेकडून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरून गेला. तोवर शिअरमुळे जॉन पहिल्या श्रेणीवर आलं होतं, शिवाय बेट त्याच्या वाटेच्या डाव्या हाताला होतं. उत्तर गोलार्धात वादळाच्या उजव्या बाजूला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात, डाव्या बाजूला ते एकमेकांतून वजा होतात. त्यामुळे इतक्या जवळून जाऊनही बेटावर झोत ताशी १२० किलोमीटरच्या आसपास नोंदले गेले. नुकसान तरीही दीड कोटी डॉलरचं झालं.

दोनच दिवसांत ते पुन्हा चौथ्या श्रेणीवर गेलं आणि २८ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून पश्चिम पॅसिफिकमध्ये शिरलं. रेषेच्या पलीकडे हरिकेनला टायफून म्हणतात, म्हणून ते टायफून जॉन झालं. वादळात त्याने काही फरक पडत नाही. इशारे देणारं कार्यालय तेवढं बदलतं. मग त्याला ढकलणारे वारे क्षीण झाले, त्याने घड्याळाच्या उलट्या दिशेने एक मोठा गिरका घेतला आणि कमजोर होत ते साधं वादळ उरलं. इथे ते संपायला हवं होतं. पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते ईशान्येला निघालं, ८ तारखेच्या सुमारास वाररेषा उलट ओलांडून परत आलं आणि थोडा वेळ पुन्हा हरिकेन झालं. १० सप्टेंबरला अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेला, गार पाण्यावर, त्याचं रूपांतर समशीतोष्ण प्रदेशातल्या साध्या कमी दाबाच्या वादळात झालं. एवढ्या प्रवासात ते कुठल्याही मोठ्या भूभागाला लागलं नाही.

आता जिंजर. जिंजर जॉनच्या उलट, ते रेंगाळलंच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बहामाजवळ जन्म, मग पूर्वेला बर्म्युडाच्या पलीकडे, तिथे उच्च दाबाचा अडसर, मग परत पश्चिमेला. असं तीन आठवडे त्याच भागात घोटाळून ३० सप्टेंबरला ते नॉर्थ कॅरोलायनात मोअरहेड सिटीजवळ लागलं. मघाशी म्हटलं त्याप्रमाणे ते आपल्याच गार पाण्यात संपायला हवं होतं. ते तगलं, कारण त्याचे वारे बेताचे होते आणि पसारा मोठा होता. बेताचं वादळ समुद्र कमी घुसळतं, त्याची भूकही कमी असते.

जिंजरचा आणखी एक इतिहास आहे. अमेरिकी सरकारचा स्टॉर्मफ्युरी नावाचा प्रकल्प त्या वेळी चालू होता. हरिकेनच्या ढगांत विमानातून सिल्व्हर आयोडाइड सोडायचं, अतिशीत (शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या) पाण्याचे थेंब गोठवायचे, डोळ्याभोवतीच्या, म्हणजे वादळाच्या शांत मध्याभोवतीच्या, ढगांच्या भिंतीच्या बाहेर दुसरी भिंत उभी करायची, म्हणजे मूळची भिंत मोडेल आणि वारे पसरून मंदावतील, अशी कल्पना. लोकवस्तीपासून दूर असलेलं आणि पळून न जाणारं वादळ प्रयोगाला हवं होतं. जिंजर आयतं मिळालं. २६ आणि २८ सप्टेंबरला त्याच्यात फवारणी झाली आणि काहीच घडलं नाही. त्याचा डोळा आधीच अवाढव्य आणि विस्कळीत होता, मोडायला धड भिंतच नव्हती. स्टॉर्मफ्युरीची ती शेवटची फवारणी. पुढे कळलं की हरिकेनच्या ढगांत अतिशीत पाणी फार थोडं असतं, नैसर्गिक बर्फच भरपूर असतो. आणि बाहेर नवी भिंत उभी राहून आतली मोडणं हे तीव्र वादळांत कुणी काही न करताही घडतं. १९६९ मध्ये डेबी हरिकेनवरच्या फवारणीच्या वेळी जो गुण आल्यासारखा वाटला होता, तो या नैसर्गिक फेरबदलाचा असू शकतो. १९८३ मध्ये प्रकल्प बंद झाला. ‘वादळात बॉम्ब टाकून ते मोडता येणार नाही का’ असं मला अजूनही दर हंगामात कुणीतरी विचारतं. शास्त्रशुद्ध पद्धतीने, एवढ्या मवाळ वादळावर केलेल्या प्रयत्नाचं काय झालं ते हे असं.

२०१२ च्या नेडीनने वेगळाच धडा दिला. ११ सप्टेंबरच्या सुमारास नाव मिळालेलं हे वादळ अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या आसपास घोटाळत राहिलं. तिथल्या समुद्राचं पाणी सप्टेंबरअखेर २६ अंशांच्या आसपास किंवा त्याहून गारच असतं. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे तिथे उष्णकटिबंधीय वादळ जगायला नको. मधे एकदा ते गळालंही, त्याला पोस्ट-ट्रॉपिकल (म्हणजे आता उष्णकटिबंधीय वादळ न उरलेलं) घोषित केलं, आणि दोनच दिवसांत ते पुन्हा उष्णकटिबंधीय झालं. ३० सप्टेंबरला तर त्याने आपलं आजवरचं सर्वांत मोठं शिखर गाठलं, ताशी सुमारे १४५ किलोमीटर. हे कसं होतं? वादळाला नुसतं गरम पाणी पुरत नाही, खालची हवा आणि वरची हवा यांच्या तापमानात मोठं अंतर लागतं. वरती बारा-पंधरा किलोमीटरवर नेहमीपेक्षा गार हवा आली, तर खाली चोवीस-पंचवीस अंशांचं पाणीही पुरतं. २६.५ चा आकडा उष्णकटिबंधातल्या वरच्या हवेसाठी ठीक आहे. तो निसर्गाचा अटळ उंबरठा समजू नये.

इथपर्यंत आयुष्याचं झालं. नुकसानीचा हिशेब पूर्ण वेगळा आहे, आणि तो दिवसांवर अजिबात बसत नाही.

अटलांटिकमधलं आजवरचं सर्वांत दीर्घायुषी वादळ १८९९ चं. पोर्तो रिकोत ते सान सिरियाको म्हणून ओळखलं जातं, कारण ते त्या संताच्या दिवशी, ८ ऑगस्टला, बेटावर धडकलं. पावणेअठ्ठावीस दिवस टिकलेल्या या वादळाने सर्वांत मोठा संहार केला तो पाचव्या-सहाव्या दिवशी. पोर्तो रिकोत सुमारे ३४०० माणसं गेली, त्यातली बरीच पुरात. हुमाकाओला चोवीस तासांत सुमारे ५८० मिलिमीटर पाऊस झाला. बेट स्पेनकडून अमेरिकेकडे येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कॉफी हे तिथलं मुख्य पीक, आणि नुसती त्या वर्षीची फळं गळाली असती तर पुढच्या हंगामात माणसं सावरली असती. पण कॉफीवर सावली धरणारी मोठी झाडंच उन्मळून पडली. नवं झाड लावून त्याला फळ धरेपर्यंत काही वर्षं जातात, आणि मजुराला तेवढा दम नसतो. १९०० आणि १९०१ मध्ये सुमारे पाच हजार पोर्तोरिकन माणसं जहाजांनी आणि रेल्वेने हवाईच्या उसाच्या मळ्यांवर कामाला गेली. तिथे त्यांचे वंशज आजही आहेत.

तेच वादळ नऊ-दहा दिवसांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या वाळूच्या बेटांवरून गेलं. शॅकलफर्ड बँक्सवर डायमंड सिटी नावाचं देवमासे आणि मासळी धरणाऱ्यांचं गाव होतं, पाचेकशे वस्तीचं. समुद्र दोन्ही बाजूंनी आत आला. विहिरी खारट झाल्या, भाजीचे वाफे मिठाने मेले, जनावरं बुडाली, दफनभूमीतल्या शवपेट्या उघड्या पडल्या. लोकांनी घरं मोडून, होड्यांवर चढवून पलीकडच्या किनाऱ्यावर नेली आणि १९०२ पर्यंत गाव ओस पडलं. आज तिथे वस्ती नाही. याच वादळात हॅटेरसजवळ प्रिसिला नावाचं शिडाचं जहाज फुटलं. रॅस्मस मिजेट हा जीवरक्षक रात्री घोड्यावरून गस्त घालत होता. मदत आणायला परत जाण्याइतका वेळ नाही हे पाहून तो एकटाच पाण्यात शिरला आणि त्याने दहा जणांना बाहेर काढलं. त्यानंतर हे वादळ अटलांटिकभर फिरून अझोर्सकडे गेलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपलं.

फ्रेडीचं उदाहरण घेतल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील, जरी ते दक्षिण हिंदी महासागरातलं असल्याने त्याला हरिकेन न म्हणता सायक्लोन म्हणतात. ६ फेब्रुवारी २०२३ ला ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला नाव मिळालं, अख्खा महासागर ओलांडून २१ तारखेला ते मादागास्करवर आणि २४ ला मोझांबिकवर धडकलं. मोझांबिकच्या जमिनीवर काही दिवस मोडक्या अवस्थेत राहिलं आणि परत खाडीत उतरलं. खाडी म्हणजे मोझांबिक आणि मादागास्कर यांच्यामधला गरम पाण्याचा पट्टा. तिथे ते पुन्हा उभं राहिलं आणि ११ मार्चला क्वेलिमानेजवळ दुसऱ्यांदा मोझांबिकवर आलं. पाचव्या श्रेणीची ताकद केव्हाच मागे पडली होती. आता ते मंद होतं, आणि पाऊस पाडायला मंदच वादळ वाईट. दक्षिण मलावीत सहा दिवसांत सहा महिन्यांचा पाऊस झाला, ब्लँटायर शहराच्या उतारांवर दरडी कोसळल्या, आणि मृत व बेपत्ता मिळून बाराशेच्या वर माणसं गेली. मलावीला समुद्रकिनारा नाही, हे लक्षात घ्या. वाऱ्याच्या श्रेणीवरून धोका मोजणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

आता शेवटचा भाग: जमिनीला न लागलेलं वादळ.

त्याचा पहिला आणि सर्वांत दूर पोचणारा परिणाम म्हणजे लाटा. तीव्र वादळाखाली तयार झालेल्या लांब लाटा वादळाला मागे टाकून पुढे निघतात. दोन लाटांमध्ये पंधरा सेकंदांचं अंतर असेल, तर त्यांचा जथा खोल समुद्रात ताशी साधारण ४२ किलोमीटरने जातो, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. त्यामुळे ऊन पडलेलं असताना, वारा नसताना, किनाऱ्यावर अचानक भारी लाटा फुटू लागतात. ऑगस्ट २००९ मध्ये बिल नावाचं हरिकेन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून बरंच दूरून उत्तरेला गेलं. मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात त्या लाटा बघायला हजारो माणसं जमली. खडकांवर उभ्या असलेल्यांना एका लाटेने ओढून नेलं आणि सात वर्षांची एक मुलगी बुडाली. लांब लाटांचा फसवेपणा असा की त्या सारख्या एकाच उंचीच्या येत नाहीत. दहा-बारा मिनिटं मध्यम लाटा येतात, माणूस अंतर ठरवून निर्धास्त उभा राहतो, आणि मग तीन-चार मोठ्या लाटांचा गट येतो. वाळूच्या किनाऱ्यावर याच लाटांमुळे समुद्राकडे ओढणारे रिप करंट तयार होतात. अमेरिकेत हरिकेन हंगामातले असे मृत्यू बऱ्याचदा वादळ शेकडो किलोमीटर दूर असताना होतात.

जहाजांना वळसा घ्यावा लागतो. दीर्घायुषी वादळात हा वळसा एकदाच घेऊन भागत नाही, कारण जिंजरसारखं वादळ पूर्वेला गेलं म्हणून मागून निघालेल्या जहाजाला ते परत येताना भेटू शकतं. समुद्रातल्या बदलांबद्दल एवढंच: घुसळण्यातून खालची पोषकद्रव्यं वर येतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि वादळ गेल्यावर काही दिवसांनी त्याच्या वाटेवर उपग्रहाला हिरवटपणा दिसतो. गार पाण्याचा माग काही आठवडे टिकतो, आणि मागून त्याच वाटेने आलेलं दुसरं वादळ त्याच्यावर अशक्त होतं, असंही होतं.

मग अशा वादळाचा नकाशा वाचणाऱ्याने काय करावं? अमेरिकी हरिकेन केंद्राच्या नकाशावर जो शंकू असतो तो फक्त केंद्राच्या संभाव्य वाटेचा असतो, आणि आधीच्या वर्षांच्या चुकांवरून असा आखलेला की केंद्र तीनपैकी साधारण दोन वेळा त्याच्या आत राहावं. पाऊस, वारा, लाटा शंकूच्या बाहेरही असतात. शंकू पाच दिवसांचा असतो, महिनाभर जगणाऱ्या वादळात पाच दिवस म्हणजे एक तुकडा. ढकलणारे वारे क्षीण झाले असतील तर चौथ्या-पाचव्या दिवसाच्या ठिपक्यावर फार भिस्त ठेवू नये. संगणकाची अंदाजाची मॉडेलं तेव्हा एकमेकांपासून हजार किलोमीटरने फाकतात. अंदाजात ‘अवशेष’ किंवा ‘पोस्ट-ट्रॉपिकल’ असा शब्द आला की बरेच जण नकाशा बघणं सोडतात. मी तेव्हा दोन गोष्टी बघतो. खालचं अभिसरण मिटलं आहे की नुसते ढग गेले आहेत, आणि ते जिकडे सरकतंय तिकडचं पाणी किती गरम आहे. अभिसरण शाबूत आणि पुढे गरम पाणी असेल, तर ते नाव अजून यादीतून काढायचं नाही.

सर्वांत दीर्घायुषी कोण, हेही विचारलेलं दिसतं. जागतिक हवामान संघटनेने २०२४ मध्ये फ्रेडीला ३६ दिवसांचा विक्रम दिला, त्याआधीचा मान जॉनचा, तिच्याच मोजणीने ३० दिवसांचा. जॉनचे ३१ दिवस असाही आकडा जुन्या नोंदींत सापडेल. फरक मोजायच्या पद्धतीचा आहे: डिप्रेशनचे तास धरायचे की फक्त वादळाच्या दर्जाचे, आणि जमिनीवर मोडक्या अवस्थेत काढलेला वेळ वगळायचा की नाही. अंतराचा विक्रम मात्र फ्रेडीला मिळाला नाही. त्याने १२,७८५ किलोमीटर कापले, जॉनने १३,१५९.